‘बोध एका वाक्यात लिहा’ एवढं तरी थांबवा

सांगली-मिरजेत उन्हाळी शिबिरं भरवणारे संयोजक आणि तिथे मुलांना ॲनिमेशनपट दाखवणारे ताई-दादा यांना,

स. न. वि. वि.

आधी आभार. मे महिन्यात सांगलीचं ऊन काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. दुपारभर मुलांना घरात कोंडायचं म्हणजे शेवटी मोबाइल हातात देण्यावाचून इलाज उरत नाही. तुम्ही त्यांना एका हॉलमध्ये पंख्याखाली मांडीला मांडी लावून बसवता आणि अख्खा सिनेमा दाखवता, मध्ये कुणी पुढे सरकवत नाही, कुणी थांबवत नाही. हे मोलाचं काम आहे. माझी तक्रार त्यानंतर वाटल्या जाणाऱ्या छापील कागदाबद्दल आहे. ‘चित्रपटातून मिळालेला बोध एका वाक्यात लिहा’, खाली दोन रेघा, कोपऱ्यात गुणांची चौकट. आणि तुमच्यातले जे ताई-दादा या सिनेमांचे कट्टर फॅन आहेत ते कागद भरताना मुलांना जे समजावून सांगतात, त्याबद्दलही आहे.

माझी भाची अशाच एका शिबिराला जात होती. ‘इनसाइड आउट’ पाहून तिने लिहिलं, ‘रडू आलं तर रडावं, आईबाबांना सांगावं.’ त्यावर लाल शाईची काट, आणि शेजारी दुरुस्ती: ‘नेहमी आनंदी राहावे.’

हे वाक्य सिनेमात आहे, नाही असं नाही. पण ते जॉयचं, म्हणजे नायिकेच्या डोक्यात राहणाऱ्या आनंदाच्या भावनेचं, वाक्य आहे, आणि ते कसं चुकतं हे दाखवण्यात 2015 चा तो सगळा सिनेमा खर्ची पडला आहे. रायली ही अकरा वर्षांची मुलगी मिनेसोटा सोडून सॅन फ्रान्सिस्कोला येते. घर आवडत नाही, सामानाचा ट्रक येत नाही, वडील कामाच्या काळजीत. रात्री आई तिच्याजवळ बसून म्हणते, बाबांवर ताण आहे, आपण दोघी हसत राहिलो तर त्यांना मदत होईल. आई वाईट नाही, दुष्ट तर नाहीच, आणि मागणीसुद्धा किती साधी वाटते. पण त्या क्षणापासून रायलीच्या रडण्यावर बंदी आली. डोक्याच्या आत जॉय तेच करते. शाळेच्या पहिल्या दिवशी ती जमिनीवर खडूने गोल आखते, सॅडनेसला, म्हणजे दुःखाच्या भावनेला, त्यात उभं करते आणि सांगते, सगळं दुःख या गोलाच्या आत ठेवायचं, तेच तुझं काम.

पुढे बिंग बॉन्गची, म्हणजे रायलीच्या लहानपणच्या काल्पनिक मित्राची, गाडी दरीत ढकलली जाते तेव्हा जॉय त्याला गुदगुल्या करते, वेडीवाकडी तोंडं करते. त्याच्यावर काही परिणाम होत नाही. सॅडनेस नुसती शेजारी बसते, ‘तुझं आवडतं काहीतरी गेलं’ म्हणते, त्याला रडू देते. तो रडतो आणि उठतो. शेवटी जॉयला एक जुनी आठवण नीट दिसते. हॉकीचा संघ रायलीला खांद्यावर घेऊन नाचवतोय ती आठवण आनंदाची खरीच, पण त्याच्या आधी ती झाडावर एकटी रडत बसली होती. तिने निर्णायक फटका चुकवला होता. आईबाबा तिच्याजवळ आले आणि मैत्रिणी आल्या, त्या तिच्या रडण्यामुळे. शेवटी घरी परतलेली रायली आईबाबांना सांगते की तुम्हाला मी आनंदी हवी आहे हे कळतं, पण मला आपल्या जुन्या घराची आठवण येते. भाचीने लिहिलेलं वाक्य म्हणजे जवळपास हा प्रसंगच. तिचे गुण गेले याचं मला वाईट वाटत नाही. तिला शिकवलं काय गेलं, तर सिनेमातल्या आईने जे नकळत मागितलं तेच.

या सिनेमाचे फॅन असलेले एक दादा मात्र दुसऱ्या टोकाला. त्यांनी मुलांना सांगितलं, ‘खरी व्हिलन जॉयच आहे, नीट बघा.’ असं म्हटलं की मुलं एकदम टवकारून बसतात. सगळ्यांनी पाहिलं ते आपल्याला वेगळं दिसलं यात मजा असतेच, मलाही येते. पण जॉय खलनायिका ठरली की तिचं शिकणंच निकालात निघतं. खडूचा गोल तिनेच आखला होता आणि अखेरीस सॅडनेसला पुढे हो असं सांगणारीही तीच. एकाच पात्राने या दोन्ही गोष्टी केल्या, म्हणून तर ती गोष्ट झाली.

आपण नाट्यपंढरीत राहतो. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली इथे ‘सीतास्वयंवर’ केलं. नाटककार देवल इथल्याच हरिपूरचे. त्या पुण्याईचा एक फायदा असा की नाटकातलं वाक्य नाटककाराचं मत नसतं हे सांगलीकराला वेगळं शिकवावं लागू नये. तरी तेही घडतंच. गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ 1919 चं. त्यातल्या तळीरामाची आणि त्याच्या आर्य मदिरा मंडळाची वाक्यं पार्टीत टाळ्या घेतात, ग्लास हातात असताना तर जास्तच. त्याच तळीरामाने भरलेल्या पहिल्या प्याल्यातून सुधाकर आणि सिंधूचा संसार बुडाला, हे टाळी वाजवणाऱ्याला पाठ असतं. मी हौशी नाटकांना प्रॉम्प्टिंग करत आले. विंगेत वही घेऊन बसणाऱ्याला एक खोड लागते. वाक्य ऐकलं की आधी ते कुणाचं आणि कितव्या प्रवेशातलं, हे डोक्यात येतं. तुमच्या कागदावर नेमक्या याच दोन गोष्टींना जागा नाही.

‘हाकुना मटाटा’ घ्या, म्हणजे ‘काळजी नको’. मुलांच्या टी-शर्टवर, पाण्याच्या बाटलीवर, तुमच्या हॉलच्या भिंतीवरही आहे. ‘द लायन किंग’ 1994 चा; तुमच्याकडच्या मुलांनी बहुतेक 2019 चा हिंदीतला पाहिलाय, शाहरुख खान आणि त्याच्या मुलाच्या आवाजातला. बाप गेल्यावर, आपल्यामुळेच गेला असं समजून पळालेल्या सिम्बा या सिंहाच्या पोराला टिमॉन आणि पुंबा हे रानातले दोन मित्र हे गाणं शिकवतात. त्या दिवशी त्या पोराला त्याची गरज होती, मी त्या दोघांना बोल लावणार नाही. पण गाणं चालू असतानाच सिम्बा मोठा होतो आणि तिकडे त्याच्या राज्यात अन्न-पाणी संपतं. नाला ही बालमैत्रीण येऊन सांगते तेव्हा तो तेच तत्त्वज्ञान तिच्या तोंडावर फेकतो: वाईट घडतं, आपल्या हातात काही नसतं, मग काळजी कशाला. ते ऐकताना आपल्याला त्याचा राग येतो, यावाच. जत-आटपाडीच्या दुष्काळी भागातून आलेल्या मुलांना पडद्यावरचा तो कोरडा ठणठणीत माळ समजावून सांगावा लागत नाही. ‘टेन्शन घ्यायचं नाही’ हा बोध लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण मिळाले. सिम्बा परत गेला नसता तरच ते उत्तर बरोबर ठरलं असतं. यात एकट्या फॅनमंडळींना दोष देऊन चालणार नाही. खुद्द डिस्नेने या दोन शब्दांच्या ट्रेडमार्कसाठी 1994 मध्येच अर्ज केला होता. कंपनीला टी-शर्टवर कुठलं वाक्य खपतं ते बरोबर कळतं.

गॅदरिंगमधल्या ‘लेट इट गो’ची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि तिथे मी जरा अडखळते. निळे झगे घालून, हात पसरून नाचणाऱ्या मुली सुंदर दिसतात आणि त्यांना त्यातून काहीतरी धीर मिळतो. दाबून ठेवलेलं सोडून द्यायचं, लोक काय म्हणतील ते म्हणोत, हे आपल्याकडच्या मुलींनी मोठ्याने म्हणावं असंच आहे. गंमत म्हणजे ‘फ्रोझन’ (2013) करताना हे गाणं म्हणणारी, बर्फाची जादू असलेली एल्सा आधी खलनायिका ठरली होती. क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ या जोडप्याचं हे गाणं ऐकल्यावर करणाऱ्यांनीच पटकथा बदलली. म्हणजे गाण्याने त्यांनाही भुरळ घातली होती.

तरीही गाण्याचा शेवटचा क्षण आठवा. एल्सा पाठ फिरवते आणि महालाचं दार आपल्या तोंडावर धाडकन बंद होतं. याच सिनेमात धाकटी ॲना लहानपणापासून बंद दारावर थाप मारत उभी आहे. मोठी बहीण पुन्हा दार लावते आणि त्याला मुक्ती म्हणते. खाली भर उन्हाळ्यात तिचं राज्य, अख्खं अ‍ॅरेन्डेल गोठलंय आणि तिला त्याचा पत्ता नाही. ॲना येऊन सांगते तेव्हा तिची घाबरगुंडी उडते, ‘मी मुक्त होऊच शकत नाही’ असं म्हणत ती बहिणीच्याच काळजात बर्फ मारते. सिनेमा सुटतो तो ॲना एल्सावर उगारलेल्या तलवारीपुढे उभी राहते तेव्हा. गॅदरिंगला गाणं जरूर बसवा. पण शिबिरात नुसतं गाणं लावून ‘यातून काय शिकलात’ असं विचारू नका. दार लागल्यावर काय झालं ते त्या तुकड्यात नाही.

‘रॅटटुई’बद्दल तर मला भांडायचंच आहे. 2007 चा, ब्रॅड बर्डचा. त्यातल्या गुस्तो या नामवंत शेफच्या पुस्तकाचं नाव ‘एनीवन कॅन कुक’, कुणीही स्वयंपाक करू शकतं. कागदावर जवळपास सगळ्या मुलांनी एकच लिहिलं: ‘मेहनत केली की कुणीही काहीही होऊ शकतो.’ गुण पैकीच्या पैकी. आता गुस्तोच्या रेस्टॉरंटमधल्या लिंग्विनी या पोराला बघा. बिचारा मेहनत करतो, सज्जन आहे, खुद्द गुस्तोचा मुलगा आहे. म्हणजे घराणं, संधी, कष्ट सगळं त्याच्यापाशी, आणि त्याला शेवटपर्यंत स्वयंपाक येत नाही. त्याला येतं ते स्केट्सवरून सळसळत टेबलं सांभाळणं, आणि शेवटी तो आनंदाने तेच करतो. हात आहे रेमीकडे, म्हणजे गटारातल्या उंदराकडे. ज्याला स्वयंपाकघरात पाहिलं की लोक लाटणं घेऊन धावतात त्याच्याकडे.

टीकाकार ॲंटन इगो सुरुवातीला त्या पुस्तकाच्या नावाची टर उडवतो. अखेरच्या परीक्षणात तो म्हणतो की आता कुठे मला गुस्तोचं म्हणणं समजलं. प्रत्येक जण थोर कलावंत होईल असं नाही, पण थोर कलावंत कुठूनही येऊ शकतो. मुलांच्या वाक्यात आणि या वाक्यात मला जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. पहिलं वाक्य मुलाला सांगतं, जमलं नाही तर तूच कमी पडलास. दुसरं त्या मुलाला काहीच ऐकवत नाही. ते दाराशी उभ्या असलेल्या माणसाला विचारतं की तू कुणाला आत घेत नाहीस? आपल्याकडे कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाला चुलीपाशी येऊ द्यायचं यावर पिढ्यान्‌पिढ्या काय काय झालं हे तुम्हाला माहीत आहे. त्या प्रश्नाच्या इतक्या जवळ मुलं आली होती, आणि कागदाने त्यांना ‘कष्टाचे महत्त्व’ या निबंधाकडे वळवलं. शिवाय इगोने ज्या रेस्टॉरंटची स्तुती छापली तिथे उंदीर असल्याचं उघड झालं, त्यापायी त्याची नोकरी आणि पत दोन्ही गेली. हा भाग कुठल्याच मुलाच्या कागदावर नव्हता. कुणी विचारलाच नव्हता.

ब्रॅड बर्डच्याच ‘द इन्क्रेडिबल्स’मधलं (2004) ‘सगळेच खास असतील तर कुणीच खास नाही’ हे वाक्य एका ताईंनी फळ्यावर सुविचारासारखं लिहिलं होतं. ते सिंड्रोम या खलनायकाचं. साधारण तसंच एक वाक्य गाडीत फुरंगटून बसलेला डॅशही म्हणतो, हे मान्य, म्हणून गोंधळ समजण्यासारखा आहे. पण हाच डॅश शेवटी शाळेच्या शर्यतीत मुद्दाम दुसरा येतो आणि खुशीत असतो. तेही फळ्यावर यायला हवं होतं.

‘एन्कांतो’च्या (2021) आजीला, अब्युएलाला, तुमच्यातल्या फॅन मंडळींनी ‘टॉक्सिक’ ठरवून टाकलं आहे. ती नात मिराबेलशी वाईट वागते, मुलगा ब्रूनोचं नाव घरात घेऊ देत नाही, सगळं खरं. मिराबेल तिला तोंडावर सुनावते तेही मला आवडतं. पण सिनेमा तिथे संपत नाही, नदीकाठी जातो. तान्ही तिळी कवेत, गाव पेटलेलं, आणि नवरा डोळ्यांदेखत मारला गेलेला. जे हाती उरलं ते पुन्हा जाईल या धास्तीने तिने घर मुठीत आवळून धरलं, आणि हे तीच कबूल करते. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी गावभागात, सांगलीवाडीत शिरलं होतं. त्यानंतर दर पावसाळ्यात रेशनकार्ड आणि घराचे कागद पिशवीत घालून उशाशी घेणाऱ्या, घरातल्यांना त्यावरून धारेवर धरणाऱ्या आज्या आपल्या ओळखीत आहेत. त्यांचा जाच घरच्यांना होतो, होतोच. मुलांना जाच आणि धास्ती दोन्ही एकदम दिसतात. ‘टॉक्सिक’ म्हटलं की एकच उरतं. तिला इतक्या पटकन माफ करायला नको होतं, असं तुमच्यातलं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. शेवट मलाही घाईचा वाटला.

आणि ‘माय नेबर तोतोरो’. हे सांगताना मला खरंच राग येतो. मियाझाकींचा 1988 चा सिनेमा. दोन बहिणी, दवाखान्यातली आई, रानातला केसाळ तोतोरो. तो संपल्यावर एका दादांनी बारक्या पोरांना सांगितलं की तोतोरो म्हणजे मृत्यूचा देव आणि त्या मुली शेवटी मेलेल्या असतात, म्हणून त्यांची सावली पडत नाही. ही अफवा जुनी आहे. स्टुडिओ जिब्लीने 2007 मध्ये स्वतः तिचा इन्कार केला. सावली काढली नाही कारण त्या दृश्यांत तिची गरज वाटली नाही, एवढं साधं कारण. आणि दूर कुठे जायला नको होतं: शेवटच्या श्रेयनामावलीत आई घरी परत येताना दिसते. पण नावं सुरू झाली की तुमच्या हॉलमध्ये दिवे लागतात आणि चपलांचा गोंधळ सुरू होतो. मियाझाकींची स्वतःची आई मणक्याच्या क्षयाने वर्षानुवर्षं आजारी होती. आई दवाखान्यात असताना मुलं काय काय कल्पून तग धरतात, त्याचा तो सिनेमा आहे. मिरजेच्या दवाखान्यांच्या पायऱ्यांवर बसून आईची वाट पाहिलेलं एखादं मूल तुमच्या त्या हॉलमध्ये नसेलच, असं तुम्ही सांगू शकाल का? त्याला तुम्ही एका चटकदार थिअरीपायी ती मुलं मेली म्हणून सांगितलंत.

असं का होतं याचा विचार केला तर मला दोन धागे दिसतात. फॅन सिनेमा पुन्हा पुन्हा पाहतो, पण तुकड्यांत पाहतो. गाणं, टाळीचं वाक्य, रडवणारा प्रसंग. तुकड्यात कारण आणि परिणाम कापले जातात. दुसरं आपल्या शाळांकडून आलेलं आहे. इसापनीतीपासून आपण ‘तात्पर्य’ काढत आलो, आणि सिनेमाचंही उसासारखं करतो. पिळून एक वाक्य काढायचं, बाकी चिपाड. लबाड कोल्ह्याच्या दहा ओळींच्या गोष्टीला ते चालतं. तासा-दीड तासाच्या सिनेमात पात्रं चुकतात, मतं बदलतात, सुरुवातीला ठासून म्हणाली ते शेवटी मागे घेतात.

तर विनंती एवढीच की कागद बंद करा. ज्यांना छापील काहीतरी हवंच आहे त्यांनी त्यावर ‘कुणाचं मत बदललं आणि कशामुळे?’ असं विचारा, खाली दोनऐवजी दहा रेघा द्या आणि गुणांची चौकट काढून टाका. एखादं वाक्य मुलांना फार आवडलं तर ते कोण म्हणालं आणि नंतर त्याचं काय झालं, हे त्यांनाच आठवायला लावा. ती आठवतात, आपल्यापेक्षा चांगली आठवतात. नावं संपेपर्यंत दिवे लावू नका. फॅन ताई-दादांनी आपल्या थिअरी जरूर सांगाव्यात, पण मुलांचं बोलून झाल्यावर, आणि सहा वर्षांच्या पोरांसमोर तोतोरोची तर मुळीच नाही.

पुढच्या यादीत ‘झूटोपिया’ (2016) आहे असं कळलं. तिथे माझं तुमच्यातल्या फॅनशी एकमत होईल बहुधा. ज्यूडी ही सशीण आणि निक हा कोल्हा यांच्यातून सिनेमा सांगतो की जन्मावरून कुणाला धोकादायक ठरवू नका. आपल्या राज्यात हे सांगायलाच हवं. पण ज्यांच्याशी ही तुलना होते त्या माणसांनी कधी कुणाला खाल्लेलं नाही, आणि कोल्ह्यांनी सशांना खाल्लं होतं, हे सिनेमाच सुरुवातीला सांगतो. रूपक तिथे लंगडतं. गेल्या खेपेला एका मुलाने विचारलं होतं, ‘पण कोल्हा खरंच ससा खातो ना?’ त्याला गप्प बसवलं गेलं. मला वाटतं या सिनेमावर विचारण्यासारखा तोच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. त्या सत्राला मला बोलावलंत तर मी येईन, मागच्या रांगेत बसेन. भडंग माझ्याकडून.

आपली,
एक मावशी आणि प्रॉम्प्टर
विश्रामबाग, सांगली